जठर : अग्नी आणि अस्तर

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठी भाषेत पोटाला मोठे मानाचे स्थान आहे. दुसऱ्याचा अपराध पोटात घालतात, भीतीने पोटात गोळा उठतो, उद्योग पोटापाण्याचा असतो आणि कोणाच्या रोजीवर घाला आला तर त्याच्या पोटावर पाय आला असे म्हणतात. परंतु ज्या अवयवापाशी हा सारा व्यवहार सुरू होतो, ते जठर नेमके कोठे आहे असे विचारले तर बहुतेकांचा हात बेंबीवर जातो. बेंबीच्या मागे असते ते लहान आतडे. जठर त्याच्या बरेच वर, डावीकडे, श्वासपटलाच्या खाली आणि काहीसे बरगड्यांच्या आड वसलेले असते. जागेसंबंधी जसा हा गैरसमज आहे, तसाच किंबहुना त्याहून मोठा गैरसमज त्याच्या कार्यासंबंधी व विकारांसंबंधी आहे. आजच्या विवेचनाचे प्रयोजन तेच आहे.

जठराचा आकार साधारणपणे इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा असतो. रिकामे असताना त्याची पोकळी जेमतेम 50 ते 75 मिलिलिटर असते. जेवणानंतर तेच जठर 1 ते 1.5 लिटरपर्यंत सहज विस्तारते. हे शक्य होते ते आतील पृष्ठभागावरील घड्यांमुळे. साडीच्या निऱ्या सुटाव्यात त्याप्रमाणे अन्न येताच या घड्या उलगडतात आणि अन्न बाहेर जाऊ लागले की पुन्हा पडतात. अन्ननलिका जेथे जठरास मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. अन्न खाली जाऊ द्यावे, परंतु वर येऊ देऊ नये, हे त्याचे काम. त्याच्या डावीकडे वर घुमटासारखा भाग असतो. गिळलेली हवा तेथे साठते आणि ढेकरेच्या रूपाने बाहेर पडते. मधला मोठा भाग म्हणजे जठराचे मुख्य शरीर. खाली ते निमुळते होत जाते आणि शेवटी निर्गमद्वार येते. तेथील स्नायूंचे कडे जाड व बळकट असून त्यापलीकडे लहान आतड्याचा पहिला भाग, म्हणजे आद्यांत्र, सुरू होतो.

जठराची भिंत चार थरांची असते. बाहेरून एक गुळगुळीत आवरण, त्याच्या आत स्नायूंचा थर, त्याच्या आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ थर आणि सर्वांत आत श्लेष्मल थर. उत्तम कोटाला जसे आतून अस्तर असते तसा हा शेवटचा थर होय. अस्तर बाहेरून दिसत नाही. परंतु ते विरले की कोट किती दिवस टिकेल हे सांगता येत नाही. जठराचेही तेच आहे.

स्नायूंच्या थराची रचना मोठी कौतुकास्पद आहे. विणलेल्या कापडात ताणा आणि बाणा असे दोनच धागे असतात, एक उभा व एक आडवा. अन्ननलिका आणि आतडे यांतही स्नायूंचे उभे व वर्तुळाकार असे दोनच थर आढळतात. जठरात मात्र या दोहोंच्या आत तिरकस जाणारा तिसरा थर असतो. म्हणून जठर अन्न केवळ पुढे ढकलीत नाही, तर कणीक तिंबावी तसे ते सर्व बाजूंनी मळते. दर मिनिटाला सुमारे तीन या गतीने आकुंचनाच्या लाटा वरून खाली जातात. निर्गमद्वारातून 1 ते 2 मिलिमीटरपेक्षा लहान कणच सामान्यतः पुढे जाऊ शकतात. मोठे तुकडे पुन्हा मागे लोटले जातात. पातळ पदार्थ लवकर पुढे सरकतात, घन आहाराला पुढे जाण्यास सुमारे चार तास लागतात आणि तूप-तेलाने युक्त आहार सर्वांत अधिक काळ रेंगाळतो. लग्नाच्या पंगतीतील पक्वान्नांचे जडत्व रात्रीपर्यंत जाणवते ते याच कारणाने. जो घास दातांनी बारीक केला नाही, तो बारीक करण्याचा भार जठरावर पडतो; आणि जठराला दात नाहीत.

श्लेष्मल थरात लक्षावधी सूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांतून दिवसाकाठी सुमारे 2 लिटर जठररस पाझरतो. अन्नाच्या नुसत्या दर्शनाने वा सुगंधानेही तो स्रवू लागतो. या ग्रंथींतील पेशींनी कामे वाटून घेतलेली आहेत. काही पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतात, काही पेप्सिन या विकराचे निष्क्रिय रूप निर्माण करतात, काही चिकट श्लेष्मा देतात, तर काही पेशी गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडून आम्लनिर्मितीला चालना देतात. जठरातील आम्ल इतके तीव्र असते की अन्नपाण्याबरोबर पोटात गेलेले बहुसंख्य रोगजंतू तेथेच नष्ट होतात. याच आम्लाच्या सान्निध्यात निष्क्रिय पेप्सिन सक्रिय होते आणि डाळी, दूध, पनीर यांतील प्रथिनांचे विघटन सुरू करते.

येथे एक शब्दाचा घोटाळा दूर करणे इष्ट ठरेल. छातीत जळजळले, आंबट पाणी घशाशी आले की आपल्याकडे ‘पित्त झाले’ असे म्हणतात. शारीरशास्त्राच्या दृष्टीने पित्त हा यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा आणि जठरात नव्हे तर आद्यांत्रात उतरणारा स्राव आहे. घशाशी येणारे आंबट पाणी हे बहुतांशी जठरातील आम्ल होय. शब्द रूढ आहे, तो वापरण्यास हरकत नाही. परंतु डॉक्टरांना सांगताना ‘पित्त’ म्हणण्याऐवजी नेमके काय होते ते सांगावे.

जठरातच पचन पूर्ण होते, ही समजूतही बरोबर नाही. पोळी-भातातील पिष्टमय पदार्थांचे पचन लाळेमुळे तोंडात सुरू होते, जठरातील आम्लात ते थांबते आणि पुढे आतड्यात पूर्णत्वास जाते. स्निग्ध पदार्थांचे पचन मुख्यत्वे आतड्यातच होते. अन्नरसाचे शोषणही प्रायः लहान आतड्यातच घडते. आजारामुळे ज्यांचे संपूर्ण जठर काढून टाकावे लागते, अशी माणसेही थोडे थोडे व वारंवार खाऊन जगू शकतात. मात्र त्यांना ब 12 जीवनसत्त्व इंजेक्शनाने वा मोठ्या मात्रेत द्यावे लागते. तेव्हा जठर हे कोठार आहे, चाळण आहे, जंतूंविरुद्धचे पहारेदार आहे आणि प्रथिनांच्या पचनाचा आरंभबिंदू आहे. आलेला माल उतरवून घेणे, निवडणे आणि पुढच्या पेढीला झेपेल तेवढाच सोडणे, असे त्याचे कार्य आहे.

शरीराच्या आत, काळोखात चालणारे हे काम मनुष्याला कळले तरी कसे? दोनशे वर्षांपूर्वी विद्वानांत मोठा वाद होता. कोणी म्हणे अन्न पोटात कुजते, कोणी म्हणे दळले जाते, तर कोणी म्हणे उष्णतेने शिजते. 1824 मध्ये इंग्लंडमधील विल्यम प्राउट यांचे संशोधन प्रसिद्ध झाले आणि जठरातील आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. परंतु जिवंत माणसाच्या जठरात प्रत्यक्ष डोकावण्याची संधी मिळाली ती एका अपघातामुळे.

अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर 6 जून 1822 रोजी फर व्यापारी कंपनीच्या दुकानात एका बंदुकीतून चुकून गोळी सुटली. ती अगदी जवळून लागली अलेक्सिस सेंट मार्टिन या फ्रेंच-कॅनेडियन तरुणाला. होडीतून मालाची ने-आण करणारा तो एक गरीब मजूर होता. डाव्या बाजूच्या बरगड्या मोडल्या, जठराला भोक पडले. तो जगेल असे कोणासही वाटले नाही. लष्करी शल्यचिकित्सक डॉ. विल्यम ब्युमाँट यांनी त्याच्यावर दीर्घकाळ उपचार केले. तरुण वाचला, मात्र जखमेची कड जठराला जुळून बाहेरून आत जाणारे एक छिद्र कायमचे राहिले.

1825 च्या ऑगस्ट महिन्यात ब्युमाँट यांनी या छिद्रातून प्रयोग सुरू केले. रेशमी धाग्याला पाव, कच्ची कोबी व मांसाचे तुकडे बांधून ते आत सोडायचे आणि तासातासाने बाहेर ओढून पाहायचे. पहिल्या तासाअखेर पाव व कोबी निम्मे विरघळले होते, मांस तसेच होते. दुसऱ्या तासाअखेर पाव आणि कोबी धाग्यावर उरलेच नव्हते. पुढे त्यांनी जठररस बाहेर काढून बाटलीत शरीराइतक्या उष्णतेवर ठेवला व त्यात अन्न टाकले. तेथेही ते विरघळले. अन्न पोटात कुजत नाही, रासायनिक क्रियेने विघटित होते, हे त्यामुळे सिद्ध झाले. आणखी एक निरीक्षण आजही मननीय आहे. सेंट मार्टिन रागावला वा भ्याला की त्याच्या जठराचे अस्तर कधी लाल व कोरडे, तर कधी फिकट दिसे आणि रस कमी होई. 1833 मध्ये ब्युमाँट यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. 1836 मध्ये जर्मनीतील थिओडोर श्वान यांनी पेप्सिनचा शोध लावला आणि पचनाचे चित्र बरेचसे पूर्ण झाले.

या कथेची दुसरी बाजूही आहे. ज्याच्या पोटातून हे ज्ञान बाहेर आले, तो मजूर वर्षाला 150 डॉलर व राहणे-जेवण एवढ्या करारावर बांधलेला होता. 1834 नंतर तो परत गेला नाही. डॉक्टरांनी अनेकदा बोलावूनही गेला नाही. 1853 मध्ये ब्युमाँट निधन पावले. सेंट मार्टिन त्यानंतर 27 वर्षे जगला. 1880 मध्ये तो वारला तेव्हा वैद्यकीय मंडळींनी जठर काढून नेऊ नये म्हणून त्याच्या कुटुंबीयांनी मृतदेह मुद्दाम काही दिवस ठेवून मगच खोल पुरला. ज्ञानाचे ऋण बहुधा अशाच नावे नसलेल्या माणसांचे असते. याचे तरी नाव शिल्लक राहिले.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. मांसही विरघळविणारा हा रस खुद्द जठराला का विरघळवीत नाही? जठरही शेवटी मांसाचेच आहे. उत्तर त्या अस्तरात आहे. अस्तरावर श्लेष्माचा दाट, चिकट लेप असतो आणि त्या लेपात आम्लाला शमविणारे क्षार मिसळलेले असतात. पोकळीत तीव्र आम्ल असूनही पेशींच्या लगत ते जवळजवळ निष्प्रभ झालेले असते. शिवाय पृष्ठभागावरील पेशी अवघ्या काही दिवसांत झिजून नव्या येतात. जुने ठिगळ काढून नवे लावण्याचे काम अहोरात्र चालू असते. या साऱ्या दुरुस्तीवर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये देखरेख करतात. तीच श्लेष्मा व क्षार स्रवण्यास सांगतात आणि अस्तराचा रक्तपुरवठा टिकवतात. म्हणून जठराचे आरोग्य म्हणजे अग्नी आणि अस्तर यांचा समतोल. अग्नी पेटता हवा आणि अस्तर शाबूत हवे.

हा समतोल मोडतो कशाने? तिखट खाल्ल्याने व काळजी केल्याने अल्सर होतो, असेच पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील डॉ. रॉबिन वॉरेन यांना मात्र 1979 मध्ये जठराच्या तपासणीत अस्तरावर वळणदार जंतू दिसले. इतक्या आम्लात जंतू जगूच शकत नाहीत, असे सर्वांचे मत होते. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. जंतू वाढविण्याचे प्रयत्न फसत होते. 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत काचेच्या बशा नेहमीपेक्षा अधिक दिवस तशाच राहिल्या आणि जंतू वाढलेले आढळले. तरीही वैद्यकविश्व मानेना. प्राण्यांत हा संसर्ग घडवून दाखविण्याचे प्रयत्न अयशस्वी झाले, तेव्हा 1984 मध्ये मार्शल यांनी जंतूंचे द्रावण स्वतःच प्राशन केले. काही दिवसांतच त्यांना मळमळ व उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत अस्तराला सूज आलेली दिसली. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्या जंतूचे नाव. 2005 मध्ये वॉरेन व मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू आपल्याभोवती क्षाराचे कवच निर्माण करून आम्लापासून बचावतो आणि अस्तर आतून कुरतडतो. त्याचा संसर्ग बहुधा बालपणी, कुटुंबातच होतो. बहुतेकांना काही त्रास होत नाही; परंतु काहींना अल्सर होतो आणि काही थोड्यांत पुढे जठराचा कर्करोगही संभवतो. श्वासाची, शौचाची वा दुर्बिणीची तपासणी करून तो ओळखता येतो आणि साधारण 10 ते 14 दिवसांच्या औषधोपचाराने घालविता येतो. जो अल्सर पूर्वी जन्माचा सोबती समजला जाई, तो आज बरा होणारा संसर्ग ठरला आहे.

अस्तराचा दुसरा वैरी मात्र बाहेरून येत नाही. तो घरच्या कपाटात, दुकानाच्या गल्ल्यात आणि प्रवासाच्या पिशवीत असतो. तो म्हणजे वेदनाशामक गोळी. गुडघे दुखतात, कंबर धरते, दिवसभर गादीवर बसून मान अवघडते आणि मग शेजारच्या औषधाच्या दुकानातून गोळी आणली जाते. इंग्लंडमधील जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवून दिले की अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात. त्यामुळे वेदना थांबते. पण अस्तराची राखण करणारी द्रव्येही त्याच वेळी थांबतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधेही याच जातीची. महिनोन्‌महिने अशा गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांत पोटात मुळीच न दुखता अस्तर फाटते आणि एके दिवशी एकदम रक्तस्राव होतो. वेदनाशामकाने पोटाची वेदनाही झाकलेली असते, हा त्यातील धोका. जेवणानंतर गोळी घेतली म्हणजे भय नाही, असेही नाही. कारण हा परिणाम रक्तातून होतो. तेव्हा अशी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने, कमीत कमी मात्रेत व कमीत कमी दिवस घ्यावीत. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नये. तीही चूक तितकीच महागात पडते. तंबाखू आणि मद्य अस्तराला अपाय करतात, हे या सभेत सांगण्याची आवश्यकता नसावी; तंबाखूबद्दल मात्र काहींना आठवण दिलेली बरी.

अस्तर बिघडले की सारा दोष अग्नीला दिला जातो. मग आम्ल कमी करणारी गोळी सकाळच्या चहाइतकी नित्याची होते. ही औषधे उपयुक्त आहेत. अल्सर त्यांच्यामुळे भरून येतात आणि योग्य रुग्णाला ती दीर्घकाळही द्यावी लागतात. आक्षेप आहे तो कोणासही न विचारता वर्षानुवर्षे घेण्याला. अन्नातील ब 12 जीवनसत्त्व मोकळे होण्यास आम्ल व पेप्सिन लागते आणि ते आतड्यात शोषले जाण्यास जठरातच तयार होणारा एक विशिष्ट घटक लागतो. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते प्रामुख्याने दूध, दही, ताक यांतूनच मिळते. म्हणजे येणे मुळात मर्यादित. त्यात वयोमानाने आम्ल घटले, वर आम्लशामक गोळी सुरू राहिली आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असले, तर जमाखर्च जुळणार कसा? हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसरभोळेपणा, थकवा, जिभेची आग ही या उणिवेची लक्षणे होत. वयाचा परिणाम म्हणून ती सोडून दिली जातात आणि मज्जातंतूंची हानी कायमची होऊ शकते. रक्ताच्या एका साध्या तपासणीने ही उणीव कळते आणि उपचारही सोपा आहे. शाकाहार सोडण्याची येथे काहीच गरज नाही. गरज आहे ती हिशेब वेळच्या वेळी तपासण्याची.

आहाराच्या नियमांविषयी या समाजाला बाहेरच्याने काही शिकवावे असे फारसे नाही. भुकेपेक्षा थोडे कमी खावे, हा ऊनोदरीचा नियम ताणलेल्या जठराला विसावा देणारा आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपले म्हणजे झोपेपर्यंत जठर बरेचसे रिकामे होते आणि आडवे झाल्यावर आम्ल वर येण्याचा संभव कमी राहतो. रात्री जळजळ होणाऱ्या रुग्णांना आधुनिक वैद्यकही झोपण्यापूर्वी दोन-तीन तास न जेवण्याचाच सल्ला देते. एवढे मात्र ध्यानात असावे की ज्यांना मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार आहे, त्यांनी तपश्चर्येचा संकल्प करण्यापूर्वी औषधांविषयी डॉक्टरांशी विचारविनिमय करावा. उपवासात डोके दुखले म्हणून परस्पर वेदनाशामक घेऊ नये आणि दीर्घ उपवासाचे पारणे हलक्या आहाराने, थोडे थोडे करावे. संयमाला अशा सावधगिरीने कमीपणा येत नाही.

शेवटी काही धोक्याच्या खुणा सांगणे अगत्याचे आहे. शौचास डांबरासारखे काळे व चिकट होणे, उलटीत रक्त वा कॉफीच्या चोथ्यासारखा पदार्थ येणे, गिळताना अडकणे, विनाकारण वजन घटणे, थोडे खाताच पोट भरणे, उलट्या न थांबणे, रक्त कमी होत जाणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायात एक दिवसही दवडू नये. (लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, पण ते डॉक्टरांनीच ठरवावे.) आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छातीत दाब, घाम, धाप किंवा डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जाणारी कळ आली, तर ते ‘पित्त’ समजून सोडा वा चूर्ण घेऊन पडून राहू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. ‘गॅस झाला असेल’ या तीन शब्दांनी कित्येक कर्ती माणसे अवेळी गेली आहेत.

कोट घेताना माणूस बाहेरचे कापड पाहतो, रंग पाहतो, भाव करतो. जाणकार ग्राहक मात्र कोट उलटा करून अस्तर पाहतो. देहाच्या बाबतीत सर्वांनी एवढा जाणतेपणा अंगी बाणवावा. येथून घरी गेल्यावर प्रत्येकाने आपले औषधांचे कपाट उघडावे, कोणती गोळी कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या दिवसापासून चालू आहे ते एका कागदावर लिहावे आणि तो कागद पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावा. सुवर्णमहोत्सवाच्या या पर्वात घरोघरी एवढे घडले तरी आजचे हे विवेचन सार्थकी लागले असे म्हणता येईल.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो, ही मंगल कामना.